ट्रकवाल्याच्या नावाचा कायदा



या देशात कायद्यांना माणसांची नावं चिकटतात, हे आपल्याला इथे आल्यावरच कळलं. आपल्यापैकी बहुतेकांना (किंवा आपल्या आईवडिलांना) इथलं दार ज्या कायद्याने उघडलं, तो १९६५ चा इमिग्रेशन कायदा हार्ट आणि सेलर या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने ओळखला जातो. कायदा करणाऱ्याचं नाव कायद्याला लागावं यात नवल नाही. पण आज ज्या कायद्याबद्दल लिहायचं आहे, त्याला एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरचं नाव आहे. तो कायदा झालेला पाहायला ते गृहस्थ हयात नव्हते. त्यांनी सुरू केलेलं काम त्यांच्या पत्नीने पुढे नेलं.

त्यांचं नाव बुच लूईस. ओहायोतल्या सिनसिनाटीजवळच्या वेस्ट चेस्टरचे. त्या भागात आपली बरीच मराठी मंडळी राहतात, तेव्हा कित्येकांच्या गाडीशेजारून त्यांचा ट्रक गेलाही असेल. बुच यांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला, ‘यु. एस. एफ. हॉलंड’ या कंपनीसाठी. या कंपनीचं काम म्हणजे एकाच ट्रकमध्ये अनेकांचा थोडा थोडा माल भरायचा, एका गावच्या गोदामातून दुसऱ्या गावच्या गोदामात न्यायचा, तिथे उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. आपण दुकानातून उचललेला डबा तिथवर कसा पोचला याचा विचार करत नाही. तो पोचवणारी ही माणसं.

ट्रकवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो खंबाटकीच्या नाहीतर कसाऱ्याच्या घाटात पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारा टाटाचा ट्रक, त्याच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि धाब्यावरच्या बाजेवर दुपारची झोप. (महाराष्ट्र सरकारने २०१५ साली त्या अक्षरांवर बंदी घातली. ट्रकवाल्यांनी ती किती मनावर घेतली हे भारतवारीत ज्याने त्याने पाहावं!) अमेरिकेतला ट्रक दिसायला वेगळा, अठरा चाकांचा, पण माणूस तोच. इथल्या नियमाप्रमाणे माल वाहणाऱ्या ड्रायव्हरने कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत, जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवायची आणि मग सलग दहा तास विश्रांती घ्यायची. कागदावर हे चांगलंच आहे. पण त्या दहा तासांत घर किती मैलांवर आहे, हे कोणताही नियम विचारत नाही. मुलांचे वाढदिवस, शाळेतल्या मॅचेस, बायकोचं आजारपण, सगळं गोदामाच्या वेळापत्रकात बसवायचं. चाळीस वर्षं हे करणारा माणूस घरासाठीच ते करतो. ट्रक चालवण्याची हौस एवढी टिकत नाही.

या ड्रायव्हरांची युनियन म्हणजे ‘टीमस्टर्स’. नाव घोड्यांच्या जमान्यातलं आहे. घोड्यांची जोडी हाकणारा तो टीमस्टर. १९०३ साली संघटना निघाली, घोडे गेले, ट्रक आले, नाव राहिलं. जिमी हॉफा हे तिचे गाजलेले पुढारी. १९७५ च्या जुलैमध्ये ते गायब झाले ते आजतागायत सापडले नाहीत, एवढं आपल्याला सिनेमांमुळे ठाऊक असतं. पण याच हॉफांच्या काळात, १९५५ साली, ‘सेंट्रल स्टेट्स’ नावाचा पेन्शन फंड सुरू झाला. हा एका कंपनीचा फंड नव्हता. अनेक ट्रक कंपन्यांनी दर कामगारामागे ठरलेली रक्कम एकाच तिजोरीत टाकायची. कामगाराने नोकरी बदलली, कंपनी बदलली, तरी पेन्शनचा हिशोब चालूच.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण महाराष्ट्रात असंच काहीसं आहे. ट्रकमधला माल पाठीवर घेऊन उतरवणारे माथाडी! आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या गोदामात, मालक रोज वेगळा. मग फंड कुणी भरायचा आणि म्हातारपणी कुणाकडे मागायचं? अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कायद्याने मंडळं नेमली. सगळ्या मालकांनी मजुरीबरोबर वरची ठराविक रक्कम मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराला प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस द्यायचा. अनेक मालक आणि एक तिजोरी. ओझं उचलणाऱ्यांचे प्रश्न शिकागोत आणि मशीद बंदरात फारसे वेगळे नसतात.

आता एकत्र कुटुंबाच्या तिजोरीचा गुण आणि दोष एकच. कमावणारे हात जास्त असतात तोवर सगळ्यांचं भागतं. १९८० साली प्रेसिडेंट कार्टर यांनी ट्रकवाहतुकीवरची सरकारी बंधनं सैल करणारा कायदा केला. भाडी उतरली, नव्या कंपन्या आल्या, गिऱ्हाइकाचा फायदा झाला. पण युनियनचे दर देणाऱ्या जुन्या कंपन्या एकामागून एक बसल्या. कंपनी बुडाली की ती फंडात पैसे टाकणं थांबवते. तिचे म्हातारे कामगार मात्र फंडाच्याच दारात उभे राहतात. त्यांचा भार उरलेल्या कंपन्यांवर. मग त्यांनाही दम लागतो. २००७ साली ‘यु. पी. एस.’ने ६.१ अब्ज डॉलर मोजून या फंडातून अंग काढून घेतलं. रक्कम मोठी होती, पण सर्वांत भक्कम कमावता गडी घराबाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, शेअर बाजार कोसळला. त्यानंतर फंड येणाऱ्यापेक्षा देणं जास्त अशा अवस्थेत सापडला आणि काही वर्षांत तो पार रिकामा होणार हे दिसू लागलं.

तुम्ही म्हणाल, पेन्शनला सरकारी संरक्षण असतं ना? असतं. १९६३ च्या अखेरीस साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटार कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांना ठरलेलं पेन्शन मिळालं नाही. त्या धड्यातून १९७४ साली ‘एरिसा’ हा कायदा झाला आणि पेन्शनचा विमा उतरवणारी सरकारी संस्था निघाली. पण अनेक मालकांच्या फंडांसाठी तिची हमी अगदी तुटपुंजी. तीस वर्षं नोकरी केलेल्याला वर्षाला जास्तीत जास्त १२,८७० डॉलर! शिवाय सेंट्रल स्टेट्सएवढा फंड बुडाला असता, तर ती संस्था स्वतःच बुडाली असती.

मग २०१४ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने एक वेगळाच उपाय काढला. बुडायच्या बेतात आलेल्या फंडांना, आधीच निवृत्त झालेल्या लोकांचं पेन्शन कापायची परवानगी दिली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. कामावर असलेल्या माणसाला ‘तुला पुढे कमी मिळेल’ असं सांगता येतं. तो निदान दोन पैसे बाजूला टाकतो. पण सत्तरीच्या माणसाने काय करायचं? परत ट्रकवर चढायचं? कायद्याने ऐंशीच्या पुढच्यांना आणि अपंगांना तेवढं वगळलं होतं.

२०१५ च्या शरद ऋतूत सेंट्रल स्टेट्सची पत्रं घरोघर गेली. कुणाचं पेन्शन थोडं कापलं जाणार होतं, कुणाचं निम्म्याने, कुणाचं त्याहूनही जास्त. बुच लूईस तोवर नैर्ऋत्य ओहायोतल्या निवृत्त टीमस्टर्सच्या पेन्शन समितीचे प्रमुख झाले होते. घरी निवांत बसायच्या वयात सभा, फोन, खासदारांना पत्रं, हिशोबाचे कागद असं सगळं त्यांनी अंगावर घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पगारवाढीच्या वाटाघाटीत कामगारांनी दर वेळी हातातले पैसे सोडून पेन्शन मागून घेतलं. तेव्हा पेन्शन ही कुणी दिलेली बक्षिसी नव्हती, तो त्यांचाच मागे ठेवलेला पगार होता. आणि हा पगार नवराबायकोने मिळून मागे ठेवलेला असतो. तो घाटरस्त्यावर असताना कमी पैशांत घर चालवणारी ती असते.

२०१५ सालच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, स्ट्रोक येऊन बुच गेले. डॉक्टरांनी त्याचा संबंध या लढाईच्या ताणाशी जोडला असं पुढे जाहीरपणे सांगितलं गेलं. ताणाचं प्रमाण कुणी मोजू शकत नाही, पण ते पत्र आल्यावर ज्या घरांत झोप उडाली, त्यांना ते मोजून दाखवायची गरज नव्हती.

इथे गोष्ट संपू शकली असती. पण दोन महिनेही उलटले होते-नव्हते तोच, १ मार्च २०१६ रोजी, त्यांच्या पत्नी रिटा लूईस वॉशिंग्टनला सेनेटच्या अर्थविषयक समितीपुढे साक्ष द्यायला बसल्या. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत बाईने कुठे जावं, कुठे जाऊ नये यावर चर्चा चालतात. या बाई साठ दिवसांत सेनेटर्ससमोर बसून नवऱ्याच्या पेन्शनबद्दल बोलल्या. त्यांचं विधवा म्हणून मिळणारं पेन्शनही त्याच कात्रीखाली होतं, पण त्या बोलल्या ते लाखो घरांच्या वतीने.

दोनच महिन्यांनी, ६ मे २०१६ ला, सरकारी खजिन्याच्या वतीने केनेथ फाइनबर्ग यांनी सेंट्रल स्टेट्सचा कपातीचा अर्ज फेटाळला. कारणं वाचण्यासारखी आहेत. गुंतवणुकीवर मिळणाऱ्या परताव्याचा अंदाज अवास्तव धरला होता, कपातीची वाटणी न्याय्य नव्हती, आणि निवृत्तांना पाठवलेली पत्रं सामान्य माणसाला समजतील अशा भाषेत नव्हती! सरकारी कागद कळत नाही म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे शेवटचं कारण फार बरं वाटेल.

कपात टळली, पण तिजोरी भरली नव्हती. पुढची पाच वर्षं ही निवृत्त मंडळी बसगाड्या करून वॉशिंग्टनला जात राहिली. ओहायोचे सेनेटर शेरॉड ब्राऊन यांनी २०१७ च्या अखेरीस बुच लूईस यांच्या नावाने विधेयक आणलं. २०१८ साली दोन्ही पक्षांची संयुक्त समिती नेमली. त्या जुलैमध्ये कोलंबसला तिची सुनावणी झाली, तेव्हा हजारो निवृत्त कामगार तिथे जमले. समितीच्या हातून काहीच झालं नाही. २०१९ च्या जुलैमध्ये प्रतिनिधीगृहाने विधेयक २६४ विरुद्ध १६९ मतांनी मंजूर केलं. सेनेटमध्ये ते पडून राहिलं. शेवटी कोविडच्या मदत-कायद्यात त्याचा समावेश झाला आणि ११ मार्च २०२१ रोजी प्रेसिडेंट बायडन यांची सही झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सेंट्रल स्टेट्सला जवळजवळ ३६ अब्ज डॉलर मंजूर झाले. साडेतीन लाखांहून अधिक कामगार आणि निवृत्त माणसांचं पेन्शन वाचलं. तसं झालं नसतं तर ते साधारण साठ टक्क्यांनी कापलं गेलं असतं.

याला विरोध करणारे होते आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. या देशातल्या बहुतेक खाजगी नोकरदारांना आता असं पेन्शन नाहीच; मग त्यांच्या करातून ट्रकवाल्यांचं का भरायचं? फंड ज्यांनी सांभाळला त्यांच्या चुका जनतेने का निस्तरायच्या? पुढे असंही निघालं की फंडाच्या यादीत काही हजार मृत माणसांची नावं धरली गेल्यामुळे सुमारे १२.७ कोटी डॉलर जास्त दिले गेले होते. ते २०२४ साली परत करावे लागले. हे सगळं मान्य. पण ज्याने चाळीस वर्षं आपला वाटा नेमाने भरला, त्याने कुठला हिशोब चुकवला होता? भाडी स्वस्त झाली त्याचा फायदा आपण सगळ्यांनीच घेतला. त्याचं बिल एकट्या ड्रायव्हरच्या म्हातारपणावर फाडावं, हे काही पटत नाही.

हे वाचताना आपल्या एस.टी.च्या ड्रायव्हरांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मुक्कामी गाडी घेऊन रात्री आडगावात झोपणारा, पहाटे थंडीत गाडी चालू करून आपल्याला कॉलेजला पोचवणारा तो खाकी कपड्यातला माणूस. त्याचं पेन्शन १९९५ च्या केंद्राच्या पेन्शन योजनेतलं, ज्याला सगळे ‘ईपीएस ९५’ म्हणतात. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के त्यात जातात, पण पगार कितीही असला तरी २०१४ पासून हिशोबाला धरतात पंधरा हजार. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. पस्तीस वर्षं स्टिअरिंग धरलं तरी महिना साडेसात हजारांच्या आसपास. किमान पेन्शन २०१४ साली एक हजार रुपये ठरलं. हजार रुपयांत महिना! या पेन्शनरांचं आंदोलन बुलढाण्याहून चालवलं गेलं. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे साखळी उपोषण सुरू झालं, कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली. कोलंबसच्या सभेतले टोप्या घातलेले टीमस्टर्स आणि बुलढाण्याच्या मांडवातले म्हातारे एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण भेटले असते तर दुभाष्याची फार गरज पडली नसती.

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्यापैकी बरेच इंजिनियर, डॉक्टर, प्रोफेसर, दुकानदार. आपल्याला वाटतं, युनियन आणि पेन्शन या भानगडी आपल्या नव्हेत. पण रिटाबाईंच्या गोष्टीतून आपण घेण्यासारखं एक आहे. नवरा गेल्यावर त्या सेनेटपुढे बोलू शकल्या, याचं एक कारण असं की प्रश्न काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या किती घरांत हे असतं? आपल्याकडे पैशांचे कागद एकाच्या ताब्यात. दुसऱ्याला बँकेचं नावसुद्धा नीट माहीत नसतं. ‘ते सगळं हेच बघतात’ हे वाक्य आपण मंडळाच्या पिकनिकमध्ये किती वेळा ऐकलंय! मग काही झालं की मुलं विमानाने येतात आणि कपाटं उचकतात.

म्हणून या तिमाहीत, एखाद्या रविवारी पोहे झाल्यावर, दोघांनी मिळून एवढं करा. पेन्शन असेल तर फंडाकडून दरवर्षी तिजोरीची स्थिती सांगणारं पत्र येतं. ते जाहिरातींबरोबर टाकून देऊ नका, वाचा. चारशे-एक-के आणि आय. आर. ए. वर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहा. लग्नाआधी आईचं घातलेलं कित्येकांचं तसंच राहिलेलं असतं आणि आय. आर. ए. च्या बाबतीत मृत्युपत्रापेक्षा तो कागद चालतो. पेन्शन घेताना ‘मी आहे तोवर जास्त’ की ‘माझ्यामागे जोडीदारालाही’ असा पर्याय असतो. १९८४ च्या कायद्याने जोडीदाराचा वाटा सोडायचा तर त्याची किंवा तिची सही लागते. कुणीही पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नका, अगदी प्रेमाने पुढे केला असला तरी! सोशल सिक्युरिटीसाठी साधारण दहा वर्षांचं काम, म्हणजे चाळीस क्रेडिट्स लागतात. भारत आणि अमेरिका यांच्यात त्याबाबत करार नाही, त्यामुळे तिकडची वर्षं इकडे धरत नाहीत. उशिरा आलेल्या भावंडांना आणि आईवडिलांना हे आधीच सांगा.

जाता जाता एक गोष्ट. बुच लूईस यांनी जिच्यासाठी चाळीस वर्षं ट्रक चालवला, ती हॉलंड कंपनी पुढे ‘यलो’ या मोठ्या कंपनीचा भाग होती. २०२३ च्या जुलैअखेर यलोने दारं बंद केली आणि ऑगस्टमध्ये दिवाळं जाहीर केलं. सुमारे तीस हजार माणसांची नोकरी गेली. कंपनी गेली, तिचे ट्रक आणि गोदामं विकली गेली. पण महिन्याच्या महिन्याला पेन्शनचा चेक येतो आहे. एका ट्रकवाल्याने आणि त्याच्या बायकोने आपल्या लोकांसाठी मागे एवढं ठेवलं.

पुढच्या महामार्गावरच्या प्रवासात शेजारून ट्रक गेला, तर त्याला लेन बदलायला जरा जागा द्या. त्यालाही घरी पोचायचं असतं.